सभेत एकमत, पाखाडीवर मतभेद : गावकीचे निर्णय आणि न बोललेली मते

खाडीपट्टा

नमस्कार. आमच्या ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार करण्याचे गावकीने ठरवले आहे. जीर्णोद्धार म्हणजे दुरुस्ती नव्हे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, फणसाचे कोरीव खांब आणि कौलारू पाखे पूर्ण उतरवून त्या जागी स्लॅब, त्यावर सिमेंटचे शिखर आणि खाली टाइल्स असा बेत आहे. कोकणात हे नवीन नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशी कितीतरी देवळे उतरवली गेली आहेत. जुने चांगले की नवे, हा वाद मला येथे घालायचा नाही. निर्णय ज्या रीतीने झाला, त्याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

चाकरमानी गावात असावेत म्हणून सभा गणपतीत, देवळाच्या सभामंडपातच घेतली गेली. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या, म्हणजे मुंबई मंडळाच्या, पदाधिकाऱ्यांनी नव्या देवळाचे रंगीत चित्र खांबाला टेकवून ठेवले होते. पहिल्या मानकऱ्यांनीच सुरुवात केली, तीही अशी : ‘‘देवीचे काम आहे, तेव्हा कोणाची हरकत नसणारच.’’ त्यानंतर गावातले एक वयस्कर सुतार उठले. दर पावसाळ्याआधी देवळाची शाकारणी त्यांच्याच देखरेखीखाली होते. वळचणीकडचे काही वासे आणि रिपा कुजल्या आहेत, पण खांब आणि तुळया शाबूत आहेत, हे त्यांनी जागेवर जाऊन, खांबावर उलट्या मुठीने ठोकून दाखवले. मागून कोणीतरी म्हणाले, ‘‘देवाच्या कामात खोडा घालू नये.’’ आवाज चढलेला नव्हता. म्हातारबुवा बसले, आणि त्यांच्या बाजूने एकही माणूस उठला नाही. मग सह्यांची वही फिरली. तिच्यात ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ ही ओळ सभेपूर्वीच लिहून ठेवलेली होती.

खरी गंमत त्यानंतरची. सभा सुटल्यावर पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरताना लोक दोघे-तिघे मिळून बोलू लागले. एकाला वर्गणीचा आकडा झेपणारा नव्हता. दुसरा म्हणाला, शाळेचा स्लॅब तिसऱ्या पावसाळ्यात गळू लागला, मग देवळाचा कसा टिकेल? तिसऱ्याच्या पणजोबांनी त्यातल्या एका खांबावर काम केले होते. पुढच्या वळणापर्यंत असे चित्र दिसू लागले की, ज्यांनी वहीत सही केली होती त्यांतल्या बऱ्याच जणांना हा ठराव मनापासून नको होता, आणि प्रत्येकाची अशी समजूत होती की असे वाटणारे आपण एकटेच.

सभेत कोणीही धमकी दिली नाही, कोणाला बोलण्यापासून अडवले नाही. तरीही बहुसंख्यांना नको असलेली गोष्ट सर्वांच्या सहीने मंजूर झाली. हे नेमके कसे घडते?

मृगधारा

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. या विषयावरचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग सॉलोमन ॲश यांचा आहे, आणि तो आपल्या सभेशी ताडून पाहण्यासारखा आहे. १९५१ मध्ये त्यांनी त्याचे निष्कर्ष प्रथम प्रसिद्ध केले. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी कोणती पहिलीएवढी आहे, इतकेच सांगायचे. उत्तर उघड दिसणारे होते. एकट्याने सांगताना लोक जवळपास कधीच चुकत नसत. परंतु खोलीतले इतर सर्व जण प्रयोगकर्त्याने आधीच पढवलेले होते, आणि अठरांपैकी बारा वेळा ते एकमुखाने चुकीची रेघ दाखवत. खऱ्या सहभागी माणसाची पाळी शेवटी किंवा शेवटच्या आधी येई. त्या बारा फेऱ्यांमधली साधारण एक तृतीयांश उत्तरे गटाच्या चुकीमागे गेली. निदान एकदा तरी वाहवत गेलेले सुमारे तीन चतुर्थांश निघाले.

हा प्रयोग बहुतेक वेळा अर्धाच सांगितला जातो. दोन तृतीयांश उत्तरे बरोबर होती आणि सुमारे एक चतुर्थांश माणसे एकदाही बधली नाहीत, हेही त्याच प्रयोगात दिसले. म्हणून ‘माणसे मेंढरे असतात’ हा त्याचा अर्थ नाही. ॲश यांनी नंतर सहभागींशी सविस्तर बोलणे केले. वाहवत गेलेल्यांतल्या काहींना खरोखर वाटले होते की एवढे सगळे म्हणतात, तर आपलीच नजर चुकत असावी. काहींना आपले उत्तर बरोबर असल्याची खात्री होती, पण सर्वांत वेगळे दिसायचे नव्हते. बाहेरून दोन्ही मौने सारखीच दिसतात. आतून मात्र ती निराळी आहेत, आणि त्यांच्यावरचे उपायही निराळे.

धागाकर्त्यांच्या दृष्टीने आणखी एक भाग महत्त्वाचा. गटातल्या एकानेच जरी बरोबर उत्तर दिले, तरी वाहवत जाण्याचे प्रमाण अगदी थोड्यावर येई. इतकेच नव्हे, त्या एकाने गटापेक्षाही अधिक चुकीचे उत्तर दिले, तरी दुसऱ्याला आपले खरे उत्तर सांगण्याचे बळ मिळे. एकमताला तडा गेला, एवढेच पुरेसे होते. उलट, तो साथीदार मध्येच बहुमताकडे वळला की दबाव पुन्हा वाढे. आपल्या सभेतला सुतारबाबांचा क्षण मला तसा वाटतो. ते उठले तेव्हा तडा गेला होता. ते बसले तेव्हा तो बुजला. ते बसण्याआधी आणखी एक जण उभा राहिला असता, तर वहीतली ओळ खोडावी लागली असती, असा माझा अंदाज आहे.

गिरगावचा चाकरमानी

मी याच गावचा नाही, पण अशाच एका मुंबई मंडळाचा पदाधिकारी आहे, आणि वरील वर्णनात आमची बाजू आलेली नाही म्हणून लिहितो. गावाबाहेर राहणाऱ्यांना सभेसाठी गणपती, शिमगा आणि मे महिना एवढाच अवकाश मिळतो. त्या चार दिवसांत पूजा, नातेवाईक, परतीचे रेल्वे आरक्षण आणि गावचे सगळे प्रलंबित प्रश्न उरकायचे असतात. प्रत्येकाचे मत ऐकत बसलो, तर निर्णय कधीच होत नाहीत. आमच्याकडे पाण्याच्या टाकीचा विषय याच कारणाने वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला आणि शेवटी मंजूर झालेला निधीही परत गेला. तेव्हा सुरुवातीलाच ‘हरकत नसावी’ असे म्हणणे हा कट नसून वेळ वाचवण्याची सवय आहे.

दुसरे असे की, सभेत तोंड उघडायचे नाही आणि पाखाडीवर मंडळाच्या नावाने बोटे मोडायची, ही कोणती रीत? आम्ही दारोदार फिरून पैसे उभे करतो, आपले रविवार खर्ची घालतो. ज्याने सही केली, त्याचे मत सहीप्रमाणे आहे असे आम्ही धरून चाललो, तर आमचे काय चुकले? मनातले ओळखण्याची विद्या पदाधिकाऱ्यांना अवगत नसते.

वळचण

चाकरमानी महोदयांचा शेवटचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळणार नाही. ॲश यांच्या खोलीतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला त्या माणसांशी पुन्हा कसलाही संबंध ठेवायचा नव्हता. चुकीचे उत्तर दिले काय, बरोबर दिले काय, त्याचे काहीच बिघडत नव्हते. गावात मात्र ज्याच्या विरोधात बोलायचे, त्याच्याच बागेतून आपली पायवाट जाते. त्याचाच भाऊ लावणीला बैलजोडी देतो. आणि घरात कोणी गेले, तर तिरडीला खांदा द्यायला तीच माणसे यावी लागतात. शिमग्यात पालखी आपल्या अंगणात थांबेल की पुढे जाईल, हेही तेच ठरवतात. अशा ठिकाणी सभेत न बोलणारा माणूस भित्रा असतो असे मला वाटत नाही. तो हिशेब करत असतो, आणि बहुतेक वेळा त्याचा हिशेब बरोबरही असतो.

या हिशेबाच्या तळाशी वाळीत टाकण्याची आठवण आहे. मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवा असलेल्या गोदूबाईंशी विवाह केला. गावाच्या भल्यासाठी मुंबईत ‘मुरुड फंड’ उभा करणारा हा माणूस, पण गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला आणि त्याची झळ गावात राहणाऱ्या त्यांच्या घरच्यांनाही लागली. पुढे १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण १८९३ साली त्या गावात विवाहाच्या बाजूने असूनही गप्प बसलेले किती होते, ते आता कोणालाच सांगता येणार नाही, कारण मौनाची नोंद कोठेच होत नाही.

हा इतिहास फार जुना नाही. १९४९ चा बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या खटल्यात रद्द ठरवला, आणि त्यानंतर कित्येक दशके महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदाच नव्हता. रायगड जिल्ह्यातून वाळीत टाकल्याच्या इतक्या तक्रारी पुढे आल्या की सरकारला दखल घ्यावी लागली. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा २०१६ चा अधिनियम ३ जुलै २०१७ पासून अमलात आला; त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कायद्याने उघड बहिष्काराला आळा बसला असेल, पण ‘देवाच्या कामात खोडा घालू नये’ हे वाक्य कोणत्या कलमात बसवणार? त्या वाक्यात धमकी नाही. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र तिचा उरलेला भाग आपोआप पूर्ण होतो.

सुरंगी

या सगळ्या चर्चेत सभेत कोण होते, हे कोणी विचारले नाही. देवळाच्या सभेला गावकीच्या रीतीप्रमाणे घरटी एक माणूस जातो, आणि तो ‘माणूस’ म्हणजे कर्ता पुरुष. खाडीपट्टा, आपल्या सभेत बायका होत्या का? असल्या तर त्या मागच्या ओसरीवर चहाच्या भांड्यांपाशी होत्या, असे मी न पाहता सांगू शकते. वर्गणी भरण्यासाठी जो दागिना मोडायचा, तो कोणाचा असतो, हे वेगळे सांगायला नको.

ग्रामसभेची गोष्ट निराळी आहे, निदान कागदावर. तिथे नाव मतदारयादीत असले की पुरे, आणि नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. तरीही मी पाहिलेल्या महिला सभांत बरेचदा वही घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात. सभा झाली की ग्रामसभेत त्याच बायकांसमोर सासरे, दीर, भावकीतले चुलत सासरे बसलेले असतात. हात वर करायचा म्हणजे सर्वांच्या देखत करायचा, आणि पदर डोक्यावरून घसरू न देता एक हात किती उंच जातो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनाच कळेल.

म्हणूनच दारूबंदीच्या मतदानाचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. महाराष्ट्रात एक चतुर्थांश महिला मतदारांनी लेखी मागणी केली की दारूचे दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेण्याची तरतूद आहे. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चित्रे असतात. अट कडक आहे : झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात, म्हणजे घरी बसलेली बाईही प्रत्यक्षात दुकानाच्या बाजूने मोजली जाते. तरीसुद्धा अनेक गावांनी बाटली आडवी केली. ज्या गावांच्या उघड सभांमध्ये दुकानाविरुद्ध चकार शब्द निघत नव्हता, तिथेही हे घडले. बायका एकाएकी धीट झाल्या असे मला वाटत नाही. पडद्याआड शिक्का कोठे मारला, ते दुकानदाराला दिसत नव्हते आणि नवऱ्यालाही दिसत नव्हते, एवढाच फरक होता.

जांभा

मी बांधकाम अभियंता आहे, त्यामुळे स्लॅबविषयी बोलण्याचा मोह होतो. एक-दोन वाक्यांत आवरतो. खाऱ्या हवेत लोखंडी सळई लवकर गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीटला चिरा पाडते. किनाऱ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यामुळे आपल्याकडच्या अनेक स्लॅबांवर काही वर्षांतच पत्र्याची शेड चढते, म्हणजे कौले काढून शेवटी पत्र्याखालीच यायचे.

पण माझा मुद्दा सभेत प्रश्न कसा मांडला गेला, याविषयी आहे. अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ यानाचा अपघात २८ जानेवारी १९८६ रोजी झाला. उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्याच्या आदल्या रात्री नासा आणि रॉकेट बनवणारी मॉर्टन थायोकॉल कंपनी यांच्यात दूरध्वनीवरून सभा झाली होती. सांध्यांमधली रबरी कडी थंडीत कडक होतात, म्हणून ५३ अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सिअसपेक्षा, कमी तापमानात उड्डाण करू नये, असे कंपनीच्या अभियंत्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांत रॉजर बॉइजोली आघाडीवर होते. म्हणजे ते गप्प बसले नव्हते. नासाच्या अधिकाऱ्यांनी नाराजी दाखवल्यावर कंपनीने आपसांत बोलण्यासाठी थोडा वेळ मागून घेतला. त्या वेळात एका वरिष्ठाने अभियांत्रिकी विभागाच्या उपाध्यक्षांना सांगितले की, आता अभियंत्याची टोपी काढा आणि व्यवस्थापकाची घाला. शेवटचे मत फक्त चार व्यवस्थापकांनी दिले. अभियंत्यांना विचारलेच नाही. दूरध्वनी पुन्हा जोडल्यावर कोणाला वेगळे काही सांगायचे आहे का, अशी विचारणा झाली, तेव्हा कोणीही बोलले नाही.

चौकशीत दिसून आले की, त्या रात्री पुराव्याचे ओझे उलटे फिरले होते. एरवी उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करावे लागे. त्या सभेत ते असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी अभियंत्यांवर आली. आपल्या देवळातही तेच झाले. सुतारबाबांना खांब शाबूत असल्याचे ठोकून दाखवावे लागले. स्लॅब पंधरा पावसाळ्यांनी कसा असेल, हे चित्र घेऊन आलेल्यांना कोणी विचारले का? ज्या बाजूला अधिकार असतो, ती बाजू पुरावा देण्यातून सुटते आणि विरोध करणाऱ्याकडे तो मागितला जातो. मग विरोध करणारा दमून खाली बसतो, आणि त्याच्या बसण्यालाच संमती म्हटले जाते.

नाखवा

वरील बहुतेक प्रतिसादांत गटाचा दबाव म्हणजे वाईटच, असे गृहीत धरलेले दिसते. आमच्या धंद्यात तसे मानून चालत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मासळीचे प्रजनन होते, दर्याही खवळलेला असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. तरी जुलैच्या अखेरीस चार दिवस ऊन पडले की एखाद्याचे हात शिवशिवतात. त्याने होडी लोटली की दुसरा लोटणार, आणि मग बंदी राहिली फक्त सरकारी पत्रकात. गस्तीची नौका प्रत्येक खाडीच्या तोंडाशी उभी राहू शकत नाही. त्या माणसाला थांबवते ती बंदरावरच्या शेजाऱ्यांची नजर. ती नजर बोचरी असते, आणि ती तशी असावी असेच मी म्हणेन.

शेतकऱ्यांचेही तेच. अलिबागजवळच्या चरी गावचा संप १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे चालला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचे नाकारले आणि उपासमार सोसली. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यामागे अशा लढ्यांचे बळ होते. त्या सहा वर्षांत एखाद्या घरात पोरे उपाशी असताना ‘मी जमीन कसतो’ असे म्हणावेसे कोणालाच वाटले नसेल काय? वाटले असणार. गावाच्या धाकानेही काहींना धरून ठेवले असणार. तो धाक नसता, तर संप पहिल्याच पावसात मोडला असता. मग आपण कोणता दबाव योग्य आणि कोणता अयोग्य म्हणायचा, हे मला कोणी सांगावे.

मृगधारा

नाखवा, आपला प्रश्न या धाग्यावरचा सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. मला एक भेद उपयोगी वाटतो. ठरलेली गोष्ट पाळण्यासाठी असलेला दबाव आणि काय ठरवावे याची चर्चा चालू असतानाचा दबाव, हे दोन निराळे आहेत. मासेमारी बंदी का हवी, किती दिवस हवी, याविषयी आपल्या सोसायटीत मोकळेपणी भांडता येत असेल, तर एकदा ठरल्यावर बंदरावरची नजर बोचरी असायला हरकत नाही. देवळाच्या बाबतीत मात्र ठरण्यापूर्वीच ठरल्यानंतरची शिस्त लागू केली गेली. अर्थात, व्यवहारात ही रेषा इतकी स्वच्छ राहत नाही, हे मान्य.

दुसरे, शहाण्या माणसांच्या गटातही हे घडते. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबावर चढाई करण्याचा अमेरिकेचा बेत पुरता फसला. अध्यक्ष केनेडींचे सल्लागार आर्थर श्लेसिंजर यांनी त्याविरुद्ध लेखी टिपणे दिली होती, पण भर बैठकीत ते गप्प राहिले आणि पुढे त्यांनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आयर्विंग जॅनिस यांनी १९७२ च्या पुस्तकात अशा निर्णयांचा अभ्यास मांडला. गट जितका जिव्हाळ्याचा, तितका हा धोका अधिक, असे त्यांचे म्हणणे. त्या फसलेल्या चढाईच्या पुढच्याच वर्षी, १९६२ च्या क्यूबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगात, केनेडी काही बैठकांना मुद्दाम गेले नाहीत, कारण अध्यक्ष समोर असले की माणसे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून बोलतात. आपल्या मानकऱ्यांनी शेवटी बोलायचे ठरवले, तर कोणाचाही मान कमी होणार नाही आणि सभा मात्र बदलेल.

तळकोकण

आमच्याकडे सिंधुदुर्गात गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या परंपरागत देवकार्याच्या व्यवस्थेत, असा पेच पडला की देवाला कौल लावतात. पाषाणावर लावलेली पाकळी किंवा कळी उजवीकडून पडली की होकार, डावीकडून पडली की नकार. नव्या पिढीला ही अंधश्रद्धा वाटते आणि मीही ती विवेकाने तपासावी याच मताचा आहे. पण तिचा एक सामाजिक उपयोग नजरेआड करू नये. कौल विरोधात गेला तर हरलेल्या बाजूला माणसापुढे मान खाली घालावी लागत नाही, आणि ‘अमक्याने खोडा घातला’ असे कोणाला म्हणता येत नाही. खोच एवढीच की, गाऱ्हाणे कोण घालणार आणि प्रश्न कोणत्या शब्दांत विचारणार, हे बारा-पाचांच्या, म्हणजे गावच्या मानकऱ्यांच्या, हातात असते. ‘नवे देऊळ बांधू का?’ आणि ‘जुने देऊळ राखू का?’ हे दोन प्रश्न एकाच पाकळीवर सोडले, तर उत्तरांचे अर्थ उलटे होतात.

गिरगावचा चाकरमानी

प्रतिसाद वाचले. पुराव्याचे ओझे उलटे फिरते, हा जांभा यांचा मुद्दा मला पटला. आमच्या मंडळात अंदाजपत्रक नेहमी एकाच पर्यायाचे येते, आणि ते कोणाला खटकत नाही. मात्र वेळेचा प्रश्न कोणी सोडवलेला नाही. आजकाल आम्ही ठराव आधी व्हॉट्सॲप गटावर टाकतो. त्यावर पहिल्या पाच मिनिटांत वडीलधाऱ्यांचे हात जोडलेले येतात, मग अंगठ्यांची रांग लागते, आणि ज्याला काही विचारायचे असते तो खासगी संदेशात विचारतो. तिथेही सभामंडपच भरतो, असे म्हणावे लागेल.

मृगधारा

खासगी संदेशात जे येते, ते एकत्र करून, नावे न घेता गटावर टाकून पाहा. ॲश यांच्या एका प्रयोगात सहभागी माणसाने उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायचे होते; इतर सर्व जण पूर्वीप्रमाणेच चुकीचे बोलत होते, तरी वाहवत जाणे बरेच कमी झाले. एक सावधगिरी मात्र हवी. कित्येक संस्था ‘तुम्ही आज विरोधी बाजू मांडा’ असे एखाद्याला नेमून देतात. चार्लन नेमेथ यांच्या संशोधनात असा नेमलेला विरोधक खऱ्या विरोधकाइतका परिणामकारक ठरला नाही. त्याने इतरांचा विचार फारसा हलत नाही, कारण तो मनापासून बोलत नाही हे सर्वांना माहीत असते. तेव्हा नाटकी विरोधक उभा करण्यापेक्षा सुतारबाबांना दुसऱ्यांदा बोलायला लावणे अधिक उपयोगाचे.

खाडीपट्टा

सर्वांचे आभार. सुरंगीताई, आपला तर्क बरोबर होता. बायका ओसरीवरच होत्या.

पुढची हकिगत सांगतो. काम सुरू करण्यापूर्वी मंडळाला गावकीची आणखी एक सभा घ्यावीच लागणार आहे, कारण वर्गणीचा आकडा अजून घरोघर ठरलेला नाही. या धाग्यातली चर्चा मी पहिल्या मानकऱ्यांना सांगितली, नावे न घेता. त्यांना राग येईल अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, ‘‘मलाही खांब काढायचे जिवावर आले होते, पण मुंबईवाल्यांचा उत्साह पाहून मी मोडता घातला नाही.’’ मंडळाच्या सचिवांशी बोललो, तर त्यांचे म्हणणे असे की मानकऱ्यांची इच्छा आहे असे समजून त्यांनी चित्र काढून घेतले. आता यावर काय बोलावे!

सुतारबाबांनी दुरुस्तीचे अंदाजपत्रक द्यावे, स्लॅबचेही त्याच्याशेजारी ठेवावे, आणि घरटी एक न धरता घरातल्या प्रत्येक प्रौढाला चिठ्ठी द्यावी, असे सुचवले आहे. पहिल्या दोन गोष्टी मान्य झाल्या. तिसरीवर ‘आजवर असे झालेले नाही’ एवढेच उत्तर मिळाले आहे. सभा शिमग्यात आहे.

सुरंगी

तिसरी मान्य होईपर्यंत चिकाटी सोडू नये. घरटी एकच चिठ्ठी राहिली, तर ती कोण भरेल हे ठरलेलेच आहे. आणि चिठ्ठ्यांवर घर क्रमांक घालू देऊ नका. ‘हिशेबासाठी’ म्हणून कोणीतरी तो मागेलच.

जांभा

चिठ्ठीवर ‘नवे देऊळ : होय / नाही’ असे नसावे. ‘दुरुस्ती’ आणि ‘नवे बांधकाम’ असे दोन पर्याय, दोन्हींसमोर घरटी येणारा खर्च, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून केवळ फुली. खुणेसाठी सर्वांना एकाच रंगाचे पेन द्यावे. मोजणीला मंडळाचा एक, गावातला एक आणि ओसरीवरची एक बाई बसवावी. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात कुजलेल्या वाशांबरोबर वाळवीप्रतिबंधाचा खर्चही धरायला सुतारबाबांना सांगा. तो राहिला, तर सभेत पहिला आक्षेप त्यावरच येईल.